सुरवंटातून माशी निघाली, ती कोणती?

प्रश्न : पाळलेल्या सुरवंटातून फुलपाखराऐवजी राठ केसांची करडी माशी निघाली. ती टॅकिनिड (जिच्या अळ्या इतर किड्यांच्या अंगात वाढतात ती माशी) की मांसमाशी, हे कसे ओळखावे?

उत्तर : केसांवर जाऊ नका, ते मांसमाशीलाही असतात. माशी बाजूने धरून १० पट भिंगातून पाहा. छातीच्या मागच्या टोकाला स्क्युटेलम ही ढालीसारखी चकती दिसेल. तिच्या खाली आणखी एक ठळक फुगवटा असेल, तर ती टॅकिनिड. मांसमाशीत तो नसतो. वरून पाहिले की तो झाकला जातो, आणि बहुतेकांची गफलत तिथेच होते.

टॅकिनिड कुळात ८,५०० हून अधिक जाती आणि चार उपकुळे आहेत : एक्झोरिस्टिनी, टॅकिनिनी, डेक्सिनी, फेझिनी. यजमान किडा, म्हणजे ज्याच्या अंगात माशीची अळी वाढली तो किडा, चांगला सुगावा देतो. फेझिनी ढेकूणवर्गीय किड्यांवर वाढतात, डेक्सिनी बहुधा भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर. तुमची माशी सुरवंटातून निघाली, म्हणून ती पहिल्या दोहोंपैकी असण्याची शक्यता जास्त.

संग्रहात ठेवायची असेल, तर नुकतीच निघालेली माशी लगेच मारू नका, मऊ अंग सुकून सुरकुतते. एक दिवस टणक होऊ द्या. टाचणी मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे टोचा, म्हणजे डाव्या बाजूचे केस शाबूत राहतात. रिकामा कोष आणि यजमानाचे नाव त्याच टाचणीवर हवे. यजमानाची खात्रीशीर नोंद फार मोलाची असते.