दुर्गा खोटे ‘चांगल्या घरातल्या पहिल्या नटी’ म्हणून मोठ्या की आणखी कशामुळे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दुर्गा खोटे ह्या सिनेमात आलेल्या चांगल्या घरातल्या पहिल्या बाई होत्या का, त्यांनी आयुष्यात नेमकं काय काय केलं, आणि शुभा खोटे त्यांच्या कोण लागतात?

पहिल्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही, त्या पहिल्या नव्हेत. 1913 साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई (पुढच्या कमलाबाई गोखले, विक्रम गोखल्यांच्या आजी) ह्या दोघींनी काम केलं होतं. पांढरपेशा घरातल्याच होत्या दोघी. दुर्गाबाई कामत नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या होत्या आणि पोटासाठी नाटक कंपनीत गेल्या होत्या. म्हणजे दुर्गा खोट्यांच्या आधी अठरा-एकोणीस वर्षं दुसऱ्या एका दुर्गाबाईंनी हे करून दाखवलं होतं.

शिवाय ‘चांगल्या घरातली’ ह्या शब्दप्रयोगाचाच मला राग येतो. ज्या बायका तमाशातून, गाण्याच्या बैठकीतून किंवा कंपनीच्या नाटकांतून पडद्यावर आल्या त्यांची घरं वाईट होती का? असो, तो वेगळा विषय आहे.

मग दुर्गा खोट्यांचं नाव एवढं का घेतात? माझ्या मते तीन कारणं आहेत: गरज, आवाज आणि धंद्याची समज. लोक ‘कुलीन’ हा एकच शब्द धरून बसतात आणि बाकीचं सुटून जातं.

जन्म 14 जानेवारी 1905, मुंबईचा. माहेरचं आडनाव लाड, घराणं मूळचं गोव्याचं. वडील पांडुरंगराव नावाजलेले सॉलिसिटर. घरी गाडीघोडे, इंग्रजी शिक्षण. कॅथीड्रल हायस्कूल आणि पुढे सेंट झेवियर्स कॉलेज. कॉलेजात असतानाच लग्न झालं. नवरा विश्वनाथ खोटे, बनारसला इंजिनिअरिंग शिकलेला, सासर गडगंज. आणि मग ते सगळं बसलं. सासरची श्रीमंती ओसरली, पदरात बकुळ आणि हरीन अशी दोन मुलं, आणि वैधव्यही फार लवकर आलं. लाडक्या लेकीला माहेरी येऊन राहता आलं असतं. पण हात पसरायचा नाही असं बाईंनी ठरवलेलं दिसतं. ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचं आत्मचरित्र 1982 साली आलं. ते वाचताना मला जाणवलं ते हे की कलेची ओढ वगैरे भाषा त्यात फार कमी आहे. घर चालवायचं होतं, काम मिळालं, म्हणून केलं.

पहिलं काम मात्र फसलं. 14 मार्च 1931 ला गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि एका रात्रीत सगळ्या निर्मात्यांना बोलपट हवासा झाला. मोहन भवनानींनी त्याच वर्षी ‘फरेबी जाल’मध्ये दुर्गाबाईंना एक छोटं काम दिलं. चित्र पडलं. त्याहून वाईट म्हणजे जाहिरातीत ‘प्रसिद्ध सॉलिसिटर लाड यांची कन्या’ असा गाजावाजा झाला. गिरगावातल्या ओळखीपाळखीच्या घरांत काय बोललं गेलं असेल ते सांगायला नको. पैसे थोडे आणि बदनामी पोतंभर.

पण तेच चित्र व्ही. शांताराम यांनी पाहिलं. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीला हरिश्चंद्राच्या गोष्टीवर बोलपट काढायचा होता आणि तारामती हवी होती. इथे जरा थांबा, कारण मला ह्या सगळ्यात सर्वांत गमतीची वाटणारी गोष्ट हीच आहे. 1913 च्या फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती कोणी केली होती? अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं. ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणाऱ्या ह्या माणसाला फाळक्यांनी लुगडं नेसवून उभं केलं, कारण बाई मिळेना. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, 1932 मध्ये, ‘अयोध्येचा राजा’त तीच तारामती कॅथीड्रल आणि झेवियर्समध्ये शिकलेली, दोन मुलांची आई असलेली बाई करते. आपल्या सिनेमाचा इतिहास मला कोणी दोन ओळींत विचारला तर मी ह्या दोन तारामती सांगेन.

‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. ते 1935 च्या सुमाराला आलं. म्हणजे नटीनं अभिनय करता करता तिथल्या तिथे गायचं, पेटी-तबलेवाले कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसणार, आणि सूर घसरला की सगळं पहिल्यापासून. त्यात प्रभातनं मराठी आणि हिंदी अशा दोन्ही आवृत्त्या काढल्या, त्यामुळे तेच रडणं, तेच गाणं दोन भाषांत दोनदा. ‘बाळा का झोप येईना’ हे त्यातलं गाणं आजही ऐकायला मिळतं. जरूर ऐका. आवाज काही बैठकीच्या गायिकेचा नाही. तयारी नाही, ताना नाहीत. पण एक आई अंगाई म्हणते आहे असं वाटतं. त्या काळच्या रंगभूमीवरची नाटकी फेक त्यात नाही, शब्द स्वच्छ आहेत, आणि मला वाटतं प्रेक्षकाला तोच धक्का बसला असणार: राणी आपल्यासारखं बोलते!

लगेच त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’. स्त्रीराज्याची राणी, आणि पायाशी चित्ता. तो फोटो तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. मला त्या फोटोत चित्त्यापेक्षा बाईंच्या बसण्याची ऐट जास्त लक्षात राहते. उंची होती, नाकडोळे ठसठशीत होते आणि मान कधी झुकलेली दिसत नाही. ‘अमर ज्योती’ (1936) तर त्याच्याही पुढे. सौदामिनी नावाच्या आईला कायदा तिच्या मुलाचा ताबा नाकारतो, म्हणून ती समुद्रावरची चाचेगिरी पत्करते आणि ज्या राज्यानं तिला नाडलं त्याच्यावरच उलटते. समोर चंद्रमोहनचे ते घारे डोळे. 1936 साली असा विषय निघाला, ह्याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटतं. हे चित्र व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवलं गेलं होतं.

आता धंद्याच्या समजेबद्दल. त्या काळी नट-नट्या कंपनीच्या पगारी नोकर असत. महिन्याचा पगार, करारात बांधलेले, दुसऱ्या कंपनीकडे बघायचं नाही. दुर्गाबाई प्रभातमध्ये एवढ्या गाजल्या, पण एका दावणीला बांधून घेतलं नाही. कलकत्त्याला जाऊन न्यू थिएटर्सचा ‘राजरानी मीरा’ (1933) केला, देवकी बोस यांच्या ‘सीता’त (1934) सीता केली, राम होते पृथ्वीराज कपूर. परत येऊन पुन्हा प्रभात. 1937 मध्ये ‘साथी’ हे चित्र स्वतः काढलं. हे आज ऐकायला साधं वाटतं, पण स्टुडिओच्या मालकाला ‘तुमचं काम करीन आणि दुसऱ्याचंही करीन’ असं सांगणं त्या वेळी पुरुष नटांनाही जड जात होतं.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या आजीमुळे माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. आजी गिरगावातली. तिच्या लेखी दुर्गाबाई म्हणजे सीता नव्हे, तारामतीही नव्हे. दुर्गाबाई म्हणजे खाष्ट सासू. 1941 साली आचार्य अत्र्यांनी ‘पायाची दासी’ काढला. त्यात सून होत्या वनमाला आणि सुनेला छळणारी सासू दुर्गाबाई. आजी तेव्हा परकरी पोर होती. आईबरोबर सिनेमा बघून आली आणि म्हणे आठवडाभर आपल्याच आजीकडे संशयानं बघत होती. पुढे माझ्या आईनं नवी साडी नेसून आरशासमोर जास्त वेळ काढला की आजी पदर खोचून म्हणायची, “मी काय दुर्गाबाई आहे का गं, एवढं घाबरायला?”

हिशेब करा, त्या वेळी दुर्गाबाईंचं वय छत्तीस होतं. छत्तिसाव्या वर्षी नायिकेचा मुकुट आपल्या हातानं उतरवून सासूचा पदर घ्यायचा, तोही दुष्ट सासूचा! आजच्या नट्यांना विचारून बघा. पुढच्याच वर्षी विजय भट्टांच्या ‘भरत मिलाप’मध्ये कैकेयी. पुन्हा लोकांच्या शिव्या खाणारी भूमिका. ह्या दोन्ही कामांसाठी कलकत्त्याच्या चित्रपत्रकारांच्या संघटनेनं त्यांना सर्वोत्तम अभिनेत्री ठरवलं. मला वाटतं त्यांचं पुढचं सगळं दीर्घ आयुष्य ह्या निर्णयात आहे. ज्यांनी नायिकापण धरून ठेवलं त्यांच्या बरोबरीच्या कितीतरी जणी पन्नास साल उजाडेपर्यंत दिसेनाशा झाल्या. ह्या मात्र सत्तरीपर्यंत सेटवर होत्या.

नाटकाकडे त्या उशिरा वळल्या. बहुतेकांची वाट रंगभूमीवरून पडद्याकडे जाते, ह्यांची उलटी. केळेवाडीतल्या मुंबई मराठी साहित्य संघानं त्या वर्षांत मरगळलेली मराठी रंगभूमी पुन्हा उभी करायचा घाट घातला होता. पुरुषांनी स्त्रीपार्टी करण्याचे दिवस सरत आले होते, आणि वजनदार भूमिका पेलणाऱ्या बायका हव्या होत्या. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई दुर्गाबाईंनी केली. तीच ती ‘ध’चा ‘मा’ करणारी. 1954 मध्ये शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वरून लिहिलेलं ‘राजमुकुट’ आलं, त्यात लेडी मॅकबेथच्या जागी दुर्गाबाई. वय एकोणपन्नास. कैकेयी, आनंदीबाई, लेडी मॅकबेथ: नवऱ्याला पुढे ढकलणाऱ्या तीन बायका एकाच नटीच्या वाट्याला याव्यात हा काही योगायोग नसावा. त्या आवाजात हुकूम देण्याची ताकद होती, ती दिग्दर्शकांनी ओळखली होती. 1958 मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

हिंदी प्रेक्षकाला त्या आठवतात त्या ‘मुगल-ए-आझम’ची (1960) जोधाबाई म्हणून. 2004 मध्ये हा चित्रपट रंगीत करून पुन्हा लावला तेव्हा मी तो थिएटरात पाहिला. मधुबाला, शीशमहल, सगळं खरंच. पण मला बोचली ती जोधाबाई. नवरा मुलावर तलवार उपसायला निघाला आहे आणि मधे ही उभी. ह्या प्रसंगात रडून भेकून नट्या किती गोंधळ घालतात! बाई आवाज चढवत नाहीत. चेहरा फक्त घट्ट होत जातो. आणि समोरचा अकबर कोण, तर पृथ्वीराज कपूर. सव्वीस वर्षांपूर्वीचे राम आणि सीता. म्हणून त्या भांडणाला लग्न मुरल्याचा वास आहे असं मला वाटतं; तुम्हाला वाटेलच असं नाही.

त्यानंतरच्या भूमिका आई-आजीच्या: ‘आनंद’, ‘बावर्ची’, ‘अभिमान’, ‘बॉबी’, ‘कर्ज’. ‘बॉबी’तली मिसेस ब्रगांझा जरा वेगळी, बाकी पुष्कळशा ठरावीक. ‘बिदाई’साठी (1974) फिल्मफेअर मिळालं, वयाच्या सत्तरीला टेकताना. 1968 मध्ये पद्मश्री, 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार. मधल्या काळात दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स ही संस्था काढून लघुपट आणि जाहिरातपट केले. दूरदर्शनवरची ‘वागले की दुनिया’ (1988) ह्याच संस्थेची, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. वागल्यांच्या स्कूटरमागे तारामती उभी होती म्हणायची! शेवटची वर्षं बऱ्याच अंशी अलिबागला गेली. 22 सप्टेंबर 1991 ला त्या गेल्या.

दुःख चुकलं नाही. धाकटा मुलगा हरीन अकाली गेला. त्याची बायको म्हणजे आपल्या विजया मेहता. तेव्हा विजया खोटे. मराठी प्रायोगिक रंगभूमीची ही एवढी मोठी बाई दुर्गाबाईंची सून होती. सिनेमातली सासू बघून आलेल्या माझ्या आजीला हे कळलं तेव्हा ती काळजीनं म्हणाली होती, “बरी वागवते ना तिला?”

आता तुमचा शेवटचा प्रश्न. शुभा खोटे आणि विजू खोटे (‘शोले’तला कालिया) ही भावंडं नंदू खोट्यांची मुलं. नंदू खोटे म्हणजे दुर्गाबाईंचे दीर, तेही नट. तेव्हा दुर्गाबाई शुभाताईंच्या काकू. बऱ्याच ठिकाणी मायलेकी असं लिहिलेलं सापडतं, ते चूक आहे.