तक्ता नंतर, आधी कांदा

पेशी दोन तऱ्हांनी विभागतात, सूत्री (गुणसूत्रं तेवढीच राहतात) आणि अर्धसूत्री (निम्मी होतात); त्यांच्यातल्या फरकाचा तक्ता पाठ करत बसू नकोस. बडोद्याच्या खंडेराव मार्केटमधून एक कांदा आण आणि बूड पाण्याला टेकेल असा ग्लासवर ठेव. मुळं फुटली की टोकं सकाळी काप, रंगव, मायक्रोस्कोपखाली बघ. तिथे सूत्री विभाजनच दिसेल: 16 गुणसूत्रं (पेशीतले डीएनएचे धागे) एकेकटी मध्यावर येतात, प्रत्येक उभं दुभंगतं, दोन्ही पेशींना पुन्हा 16.

अर्धसूत्री विभाजन कांद्याच्या मुळांमध्ये शोधूच नकोस, त्याला परागकोश (फुलातला पराग तयार होणारा भाग) लागतात. बडोद्याच्या आसपास बियाण्याच्या कांद्याला हिवाळा सरताना फुलांचे गोंडे येतात, त्यातल्या अगदी बारीक कळ्या घे. मोठ्या कळीत पराग आधीच तयार झालेले असतात. इथे खरा वेळ घाल. सारखी गुणसूत्रं आधी जोड्या जुळवतात, तुकड्यांची अदलाबदल करतात, मग 8 जोड्या मध्यावर येतात आणि जोडीदार वेगळे होतात. गुणसूत्रांचं दुभंगणं होतं विभाजनाच्या दुसऱ्या फेरीत. शेवटी चार पेशी, प्रत्येकीत 8. डीएनएची प्रत मात्र सुरुवातीला एकदाच निघते, मधे पुन्हा नाही. मुलांचं गणित चुकतं ते इथेच. म्हणून स्लाइडवर सगळ्यात आधी जोड्या शोध. त्या दिसल्या तर पहिली फेरी चालू आहे, हे नक्की.