पहिला प्रश्न त्यालाच विचारा

प्रश्न: माझा भाऊ 26 वर्षांचा, बौद्धिक अक्षमता आहे, यूडीआयडी कार्डावर (सरकारी दिव्यांग ओळखपत्रावर) 60 टक्के अक्षमता लिहिलंय. कदंबच्या बसने डिचोलीहून म्हापशाला एकटा जातो, सही करतो, बाजारातले सुटे पैसेही मोजून घेतो. पण बँकेत केवायसी करायला गेलो तर गार्डियनशिपचा, म्हणजे कायदेशीर पालकत्वाचा, कागद आणा म्हणतात. दुसऱ्या एका सरकारी ऑफिसात तर त्याच्यासमोरच मला विचारलं, ‘ह्याला कळतं काय?’ तो एकदम गप्प झाला आणि आता कुठल्याच ऑफिसात यायला तयार नाही. मी त्याची गार्डियन व्हायचा अर्ज करू का? – एक बहीण, डिचोली

उत्तर: ताई, त्या अर्जाची घाई करू नका. तुमचा भाऊ सज्ञान आहे आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016, त्याचं कलम 13 सरळ सांगतं की स्वतःचे पैसे सांभाळायचा हक्क त्याला इतरांइतकाच आहे. कार्डावरच्या टक्क्यांवरून हा हक्क कमी होत नाही. ज्याला एखादा निर्णय खरंच एकट्याने घेता येत नाही त्याच्यासाठी कलम 14 मध्ये मर्यादित पालकत्व आहे, पण तिथेही निर्णय दोघांनी मिळून, त्याची इच्छा विचारून घ्यायचा असतो. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 खाली जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती गार्डियन नेमते, कलेक्टर दर्जाचा अधिकारी तिच्यात असतो, हा रस्ताही आहेच आणि काही घरांना तो लागतोच. बँकेला गार्डियनशिपचं सर्टिफिकेट लागतं ते गार्डियन खातं चालवणार असेल तेव्हा. इथे तर भाऊ स्वतः सही करतोय! तेव्हा मॅनेजरला भेटा, कुठल्या नियमाने कागद मागताय ते लेखी द्या म्हणा, आणि बोलताना भावाला पुढच्या खुर्चीवर बसवा, तुम्ही बाजूला बसा.

आता ‘ह्याला कळतं काय’ बद्दल. मला विचाराल तर खरी अडचण इथेच आहे. 2023 पासून आपल्याकडे पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव होतो, रॅम्प आणि व्हीलचेअरबद्दल लोक बोलायला लागले, चांगलंच झालं, पण ज्याला पायऱ्या चढता येतात आणि काउंटरवरचं घाईघाईचं बोलणं पकडता येत नाही त्याची अडचण कोणाला दिसतच नाही. त्यात आपल्या गोव्यात घरात कोंकणी, शाळेत मराठी आणि हातात येणारा फॉर्म इंग्लिश, तिथे शिकलेला माणूसही अडखळतो. नोटीस बघा: ‘अर्जदाराने आवश्यक दस्तऐवजांच्या साक्षांकित प्रती विहित मुदतीत सादर कराव्यात.’ हेच असं लिहिता येतं: ‘आधार कार्डाची झेरॉक्स आणा. एक फोटो आणा. सोमवारी 11 वाजता 3 नंबरच्या खिडकीवर या.’ बाजूला आधार कार्डाचं आणि घड्याळाचं चित्र. झालं. ह्याला खर्च काय येणार? आणि आजी-आजोबांनाही तेच वाचायला सोपं जाणार.

कायद्यात ह्याला वाजवी सोय म्हणतात आणि ती मागायला लाजायचं कारण नाही. गर्दी नसेल अशी वेळ मागा, फॉर्म आधी घरी न्या आणि दोघं बसून एकेक रकाना भरा, जमलं तर आदल्या दिवशी नुसतं ऑफिस दाखवून आणा. सरकारी दवाखान्यात तर तपासणीला आणि उपचाराला प्राधान्य द्या असं कलम 25 मध्येच लिहिलंय, तिथे कार्ड पुढे करा. एवढं करूनही कोण ऐकत नसेल तर राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे लेखी तक्रार द्या: तारीख, खिडकी, कोण काय बोललं, सगळं. आयुक्त चौकशीसाठी दिवाणी कोर्टासारखं समन्स काढू शकतात. तक्रारीवर भावाचीही सही घ्या, त्याचीच तक्रार आहे ती.

प्रश्न: मी पंचायतीत क्लार्क आहे. बौद्धिक अक्षमता असलेले लोक आले की मला खरंच समजत नाही कसं बोलावं, मुद्दाम कोणी त्रास देत नाही हो. – एक वाचक, सत्तरी

उत्तर: दादा, तुम्ही विचारलंत हेच मला फार बरं वाटलं. पहिला प्रश्न त्या माणसालाच विचारा, सोबत आलेल्याला नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि मग थांबा, उत्तराला वेळ लागतो, मध्ये बोलू नका. लहान मुलाशी बोलतो तसा आवाज काढू नका, 30 वर्षांच्या माणसाला अरे-तुरे करू नका. ‘कळलं ना?’ विचारलं की भीतीने सगळेच हो म्हणतात, त्यापेक्षा ‘आता घरून काय आणणार?’ असं विचारा, म्हणजे काय पोचलं ते कळतं. शेवटी एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात परत कधी यायचं, काय आणायचं आणि तुमचं नाव लिहून द्या, पुढच्या वेळी तो ती चिठ्ठी घेऊन थेट तुमच्याकडेच येईल.