पाण्याआधी आर्गॉन

अरे, रेणुगतिकीचा, म्हणजे अणू-रेणूंची हालचाल संगणकावर पायरीपायरीने काढणारा, पहिलाच प्रोग्राम लिहितोयस, तर पाण्याच्या नादी लागू नकोस. त्यात विद्युतभार आले, म्हणजे डोकेदुखी आली. द्रवरूप आर्गॉन घे. हैदराबादेत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये ८६४ अणूंवर तेच केलं होतं. तुझ्या लॅपटॉपला ते किरकोळ आहे.

अणूंमधलं बल लेनर्ड-जोन्सच्या सूत्राचं (फार जवळ आले की ढकलणारं, थोडे लांब गेले की ओढणारं), त्यावरून अणूंची पुढची पावलं व्हर्लेच्या पद्धतीने. ऑयलरची पद्धत सोपी दिसते, पण तिच्यात ऊर्जा फुगत जाते. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरावीक ठेवणारा कोडचा भाग, सुरुवातीला बंदच ठेव! तो चालू असला की चुका झाकल्या जातात. एकूण ऊर्जेचा आलेख काढ. ती किंचित थरथरली तर चालेल, एकाच दिशेला सरकत राहिली तर काहीतरी बिघडलंय. मग कालपायरी, म्हणजे दोन पावलांमधला वेळ, निम्मी कर; थरथर साधारण चौथाईवर यायला हवी. नाही आली, तर बलाचं सूत्र, अणू ज्या पेटीत ठेवलेस तिच्या कडांचा हिशेब आणि ज्या अंतरापुढे बल शून्य धरलंस तिथली उडी तपास. माझे दोन आठवडे एका उणे चिन्हापायी गेले होते.

हो, अणू सुरुवातीला जाळीवर मांड. कुठेही टाकलेस तर दोघे एकमेकांवर बसतात आणि पहिल्याच पायरीला सगळं उधळतं.