वाचकांचे प्रश्न : सर्फिंगसाठी किनारा कोणता निवडावा?

प्रश्न : आम्ही चौघे मित्र लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो, समुद्र मात्र आजवर दोनदाच पाहिला आहे. यंदा दिवाळीच्या सुट्टीत सर्फिंग शिकण्याचा विचार आहे. उबदार पाण्याचा आणि स्वच्छ उन्हाचा, सर्वांत चांगला किनारा कोणता? – एक वाचक, उदगीर, जि. लातूर

उत्तर : सर्वांत चांगला किनारा महिन्यागणिक बदलतो, त्यामुळे नावाआधी तुमची सुट्टी पाहावी लागते. आपल्या किनाऱ्यांवर येणाऱ्या मोठ्या, संथ लाटा बहुतांशी दूर दक्षिणेकडील महासागरातील वादळांत जन्मतात आणि हजारो किलोमीटर कापून आठवडाभराने इथे पोहोचतात. जून ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वारे पश्चिम किनाऱ्यावर समुद्र इतका खवळून टाकतात की नवख्याने तिकडे फिरकूही नये. त्या दिवसांत चेन्नईच्या दक्षिणेचे कोवलम आणि पुढचे महाबलीपुरम बरे, कारण तिथे सकाळचा वारा बहुधा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दिवाळीत नेमके उलट होते : तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस आणि वादळांचे दिवस सुरू असतात, तर पश्चिम किनारा निवळलेला असतो. (कोवलम नावाची गावे दोन आहेत, दुसरे केरळात तिरुवनंतपुरमजवळ, तिकीट काढण्यापूर्वी राज्य तपासून घ्यावे.)

म्हणून दिवाळीसाठी मी गोव्यातील अश्वे किंवा मंगळुरूच्या उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर असलेले मुळकी सुचवीन. मुळकीला एका आश्रमातील साधकांनी 2004 मध्ये सर्फिंग क्लब सुरू केला आणि देशातील सर्फिंगच्या शिक्षणाचा पाया बऱ्याच अंशी तिथेच घातला गेला. दोन्ही ठिकाणी तळ वाळूचा आहे, आणि नवख्यासाठी तळासारखी महत्त्वाची दुसरी गोष्ट नाही. लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीच्या पाण्यात येऊन फुटते, म्हणजे तुम्ही पडाल तेव्हा पाणी उथळच असणार. खाली वाळू असली तर खरचटण्यावर निभावते, खडक असला तर डोके फुटते. गणपतीपुळ्यासारखा एकदम खोल होत जाणारा किनारा तर शिकण्यासाठी विचारातही घेऊ नये, मग तो घरापासून कितीही जवळ असो.

लाटेची नुसती उंची विचारूनही भागत नाही. दोन लाटांमध्ये किती सेकंदांचे अंतर आहे, हेही विचारा. सहा सेकंदांच्या अंतराने येणारी एक मीटरची लाट उथळ खळखळाट करते, तर चौदा सेकंदांच्या अंतराने येणारी तेवढीच लाट तुम्हाला सर्फिंगच्या फळीसकट उचलून फेकू शकते. हे आकडे हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून रोज प्रसिद्ध होतात. समुद्राचा अंदाज आपल्यासारख्याच कोरड्या मुलखातून निघावा, याची मला नेहमी गंमत वाटते. शिकताना गुडघा ते कंबर एवढी लाट पुरे, आणि वेळ सकाळची. रात्रभर वाहिलेले मतलई वारे तेव्हा लाटेचा माथा सावरून धरतात, दुपारी खारे वारे सुटले की पृष्ठभाग विस्कटतो.

आता तुमच्या पोहण्याविषयी. विहिरीचे पाणी स्थिर असते, आणि त्याची सवय झालेल्या डोळ्याला समुद्रातही शांत दिसणारी पट्टी सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात दोन बाजूंना लाटा फुटत असताना मधेच जिथे त्या फुटत नाहीत आणि पाणी गडद किंवा गढूळ दिसते, तिथूनच किनाऱ्यावर साचलेले पाणी आत परत ओढले जात असते. त्या ओढीत सापडल्यास सरळ किनाऱ्याकडे हात मारू नका, कारण त्यात पट्टीचे पोहणारेही दमून बुडतात. फळी सोडू नका, किनाऱ्याला समांतर सरकत ओढीबाहेर या आणि मग फुटणाऱ्या लाटांबरोबर परता. पहिले तीन दिवस प्रशिक्षकाविना पाण्यात उतरू नका. फळीही आठ-नऊ फुटांची, मऊ पृष्ठभागाचीच मागा.

प्रश्न : भरती-ओहोटीची वेळ गावात बसून कशी कळावी? – एक वाचक, परळी वैजनाथ, जि. बीड

उत्तर : आपल्या घरातील पंचांग पुरेसे आहे. कोकणात तिथीची पाऊणपट करतात : चतुर्थीला तीन वाजता आणि अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, मग ती शुद्ध असो वा वद्य, आणि पुन्हा सुमारे साडेबारा तासांनी तशीच. हा हिशेब मुंबई-रत्नागिरीकडे ढोबळमानाने जुळतो, दक्षिणेकडे वेळ बदलत जाते, त्यामुळे तिथे गेल्यावर स्थानिक तक्ता पाहावाच लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते, त्यामुळे दुपारी लाट चांगली फुटणारी जागा संध्याकाळी कोरडी पडलेली दिसते. मंगळुरूकडे हा फरक साधारण दीड मीटरचाच असल्याने एकच जागा दिवसाचा बराच वेळ कामी येते. मुंबईकडे जाणार असाल तर अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याचे, दिवस निवडावेत.