वाचकांचे प्रश्न : डोळे पाणावले, पण डबे वेगळेच

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. यंदा अकरावीच्या वर्गात बाबूराव बागुल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा वाचून दाखवली. वर्ग स्तब्ध झाला, दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आले. मधल्या सुट्टीत मात्र डबे उघडले ते रोजच्याच घोळक्यांत, आणि हे घोळके कशावरून ठरतात, हे आम्हां शिक्षकांना न सांगताही कळते. ललित साहित्य वाचून सामाजिक न्यायाविषयीची दृष्टी खरोखर बदलते का, की ती आमचीच भाबडी समजूत आहे?
– एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : समजूत भाबडी नाही, पण अपुरी आहे. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला, तरी घराघरांतले केशवपन पुढे कित्येक वर्षे चालूच राहिले. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली, तेव्हा या विषयावरचे निबंध आणि व्याख्याने वाचकांच्या चांगल्या परिचयाची होती. हरिभाऊंनी नवी माहिती दिली नाही. त्यांनी निवेदन यमूच्या हाती दिले. माजघरातल्या भाषेत आपली हकीकत सांगणारी ही मुलगी आठवड्यामागून आठवडे वाचकाच्या घरी येत राहिली, आणि तिच्या केशवपनापर्यंत कथा पोहोचली तेव्हा त्या रूढीचे शास्त्राधार देत बसणे त्याला पूर्वीइतके सोपे राहिले नसणार. अर्थात हे श्रेय एकट्या कादंबरीला देणे अन्यायाचे होईल. त्याच सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरवले होते, आणि माझ्या मते या निर्धाराची आठवण आपल्या वाङ्मयेतिहासांनी ठेवली त्याहून अधिक ठेवायला हवी होती.

आता आपल्या वर्गाकडे येऊ. १९६३ च्या संग्रहातल्या या कथेचा निवेदक नोकरीसाठी परगावी येतो आणि आपली जात उघड करत नाही. त्याला मानसन्मान देणारी माणसेच जात कळल्यावर त्याच्यावर हात उगारतात. आपल्या विद्यार्थिनी निवेदकाच्या जागी उभ्या राहून रडल्या, हे चांगलेच झाले. परंतु काल पाया पडणारा आणि आज मारणारा जो माणूस आहे, त्याच्या जागी वर्गातले कोणी उभे राहिले का? प्रथमपुरुषी निवेदन वाचकाला सोसणाऱ्याच्या बाजूला अलगद नेऊन बसवते, आणि तिथे बसल्यावर आपण निर्दोष आहोत असे वाटू लागते. माझी शंका आहे की, डब्यांचे घोळके तसेच राहिले ते याच निर्दोषपणाच्या आधाराने.

इटलीतील काही संशोधकांनी पाचवीच्या मुलांबरोबर हॅरी पॉटरच्या पुस्तकांतले उतारे वाचले होते. भेदभावाविषयीचे उतारे वाचून त्यांवर लहान गटांत चर्चा केलेल्या मुलांपैकी ज्यांना हॅरी आपला वाटत होता, त्यांचे स्थलांतरितांविषयीचे मत सुधारलेले दिसले. मुले थोडी होती, म्हणून यातून मोठा सिद्धान्त काढू नये. उलट, गंभीर साहित्याचा एखादा उतारा वाचताच दुसऱ्याचे मन अधिक कळू लागते, असा २०१३ साली गाजलेला निष्कर्ष पुढे इतरांनी पडताळला तेव्हा टिकला नाही. इटलीतल्या प्रयोगात मला महत्त्वाची वाटते ती वाचनानंतरची चर्चा. आपण हीच कथा पुन्हा घ्यावी आणि मारणाऱ्यांपैकी एकाने त्या रात्री घरी गेल्यावर बायकोला काय सांगितले असेल, ते मुलांकडून एक पानभर लिहून घ्यावे. ती पाने वर्गात वाचून दाखवू नयेत, आणि त्यांना गुणही देऊ नयेत.

प्रश्न : माझ्या मुलाला अशा कथा वाचून दलितांविषयी फक्त ‘बिचारे’ एवढेच वाटते. ही दयाबुद्धी म्हणजे न्यायबुद्धी म्हणायची का?
– एक पालक, पनवेल

उत्तर : नाही. दया करणारा वरच्या पायरीवर उभा असतो आणि खाली उतरण्याचा विचार त्याच्या मनात येतोच असे नाही. त्याला अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ वाचायला द्या. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते आणि त्यांच्या माणसांना हजेरी देत राहावे लागे. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण संशयाची नजर कायद्याबरोबर रद्द होत नसते. अशा काळात, १९५९ साली, मांग समाजातल्या फकिराला अण्णा भाऊंनी नायक केले. भुकेल्या गावासाठी धान्य लुटणारा हा माणूस वाचकाकडे कणव मागत नाही. त्याचा अभिमान वाटावा की त्याला चोर म्हणावे, हे वाचकालाच ठरवावे लागते, आणि त्या कादंबरीपुढे ‘बिचारा’ हा शब्द फारच अपुरा पडतो. वाचून झाल्यावर मुलाला एवढेच विचारा की, हजेरी घेणाऱ्याच्या वहीत फकिराच्या नावापुढे काय लिहिलेले असेल.