‘आणि सहकारी’ म्हणजे कोण?

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातली, वय ४२. आमचं घरचंच भजनी मंडळ आहे. आक्का पुढं गाते, मी आणि धाकटी तिच्या मागं. भाऊजी तबल्यावर, भाचा पेटीवर. २० वर्षं झाली. परवा एका गावच्या पारायणाच्या पत्रिकेवर आक्काचं नाव आणि खाली ‘आणि सहकारी’ असं छापून आलं. लेक विचारते, ‘आई, सहकारी म्हणजे तू नेमकं काय करतीस?’ मला सांगता आलं नाही. वेगळं मंडळ काढावं का?

उत्तर : तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस गे. मी ७१ वर्षांची, आणि त्यातली ३४ वर्षं मीसुद्धा ‘आणि सहकारी’च होते.

आमचं घर बेळगावच्या शहापुरात, विणकराचं. अप्पा दिवसभर मागावर. मागाची खटखट थांबली की आम्हा भावंडांना कळायचं, आता पेटी निघणार. आम्ही तिघी बहिणी आणि दादा. आक्काचा आवाज खणखणीत, काळी ४ मध्ये, म्हणजे पेटीवरची चौथी काळी ‘सा’ धरून, सहज फिरायचा. म्हणून घरातल्या सगळ्या बायकांची पट्टी काळी ४ ठरली. माझी खरी पट्टी काळी ३. मधे एकच पांढरी, म्हणजे फरक जेमतेम एका स्वराचा. पण आक्का वरच्या मध्यमावर जाऊन उभी राहिली की माझ्या मानेची शीर फुगायची. माझा गळाच कच्चा, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. पट्टी माझी नाही हे कुणी सांगितलंच नाही. सांगणार कोण, सगळे घरचेच!

आता लेकीला काय सांगायचं ते ऐक. ‘विठ्ठल’ हा शब्द घे. तिघींनी मिळून म्हटला आणि तो ‘ठ्ठ’ एका क्षणी पडला नाही, तर पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाजतं. म्हणून मागच्या बाईनं तो ‘ठ्ठ’ जवळजवळ गिळायचा, पुढचीला म्हणू द्यायचा आणि आपण फक्त ‘अ’कार भरून धरायचा. पुढची जिथं श्वास घेते तिथं मागचीनं घ्यायचा नाही, ओळीच्या मधेच कुठंतरी चोरून घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही. पुढचीनं हरकत, म्हणजे सुरांचं छोटं वळण, घेतली की आपण सरळ राहायचं. ती चाल बदलायच्या बेतात आहे हे तिच्या खांद्यावरून ओळखायचं. आमची आक्का चाल बदलायच्या आधी डावा खांदा जरासा उचलायची. टाळकऱ्यांना ते कधी दिसलं नाही, मला मागून दिसायचं. हे सगळं करायचं आणि वर कुणाच्या लक्षातही यायचं नाही. आलं, तर चुकलंच म्हणायचं.

मोठ्या माणसांचं बघायचं तर आपल्या जवळच्याच शास्त्रीय गायिका गंगूबाई हनगल घे. १९२४ साली बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते, तिथं ११ वर्षांच्या गंगूबाई गायल्या. त्या अधिवेशनासाठी खणलेली विहीर आजही आपण काँग्रेस विहीर म्हणून दाखवतो, पण तिथं गायलेल्या त्या पोरीची आठवण क्वचितच कुणी काढतो. पुढं घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज जाड, जवळजवळ पुरुषी झाला, आणि त्याच आवाजानं त्या मोठ्या झाल्या. आणि त्यांच्या मागं बसायची त्यांची लेक, कृष्णा. स्वतः तयारीची गायिका, पण जन्मभर आईची साथ केली. एखादं जुनं ध्वनिमुद्रण लाव आणि आईकडं लक्ष न देता फक्त लेकीचा आवाज ऐक. आईचा स्वर जिथं टेकतो तिथून ती अलगद उचलते, आणि आई पुन्हा आली की बाजूला होते. एवढं मोठं काम, तरी कृष्णाबाईंचं नाव घेताना आपण ‘गंगूबाईंची लेक’ असंच म्हणतो. २००४ साली त्या आईच्या आधी गेल्या, गंगूबाई २००९ मध्ये.

हे वाचून ‘मग मागं बसण्यातच धन्यता’ असा अर्थ काढू नकोस. मला तसं अजिबात म्हणायचं नाही. एका गावी कार्यक्रम झाल्यावर कमिटीनं पाकीट थेट भाऊजींच्या हातात दिलं, वर आक्काचं नाव. त्यातून पेटीचं ट्यूनिंग झालं, टेम्पोचं भाडं गेलं, उरलं ते आक्काच्या घरी. मी गप्प. त्यानंतरची नऊ वर्षंही गप्पच. शेवटी एकदा पापड लाटताना तोंडातून निघून गेलं. आक्का लाटणं थांबवून म्हणाली, ‘मला वाटलं, तुला पुढं बसायची लाज वाटते.’ तिला खरोखरच तसं वाटत होतं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

म्हणून वेगळं मंडळ काढायच्या आधी तीन गोष्टी कर. एक, घरात कुणी नसताना पेटी घेऊन बस आणि स्वतःची पट्टी शोध. खालचा पंचम स्वच्छ लागायला हवा आणि वरचा मध्यम मान न ताणता यायला हवा. दोन्ही जिथं जमेल ती पट्टी तुझी. दोन, दर कार्यक्रमात एक अभंग तुझ्या पट्टीत, तू पुढं बसून गाशील असं ठरवून घे. भाचा पेटीवर आहे, त्याला पट्टी बदलायला कितीसा वेळ लागतो! तीन, पैशाचं आणि पत्रिकेचं बोलणं घरात कर, तेही कार्यक्रमाच्या दिवशी नको. किती वाटे आणि पत्रिकेवर कुणाकुणाची नावं, हे एकदा कागदावर येऊ दे. सहा महिन्यांनी पुन्हा लिही.

मी पहिल्यांदा पुढं बसले तेव्हाची गंमत सांगून हे पत्र संपवते. काळी ३, माझा अभंग, आक्का मागं. तिला मागं गायला जमेचना! प्रत्येक ओळीत माझ्या आधी पोचायची, ‘ठ्ठ’ तर असा ठणकावून म्हणायची की तबलजी दचकायचा. घरी येताना टेम्पोत म्हणाली, ‘हे इतकं अवघड असतं, मग बोललीस का नाहीस कधी?’

प्रश्न : माझा १३ वर्षांचा मुलगा लहानपणापासून आजी आणि माझ्याबरोबर भजनात गातो. गेले दोन महिने आवाज मधेच चिरकतो. आजी म्हणते, रियाज वाढवला की बसेल. वाढवावा का? (उचगावहून एक आई)

उत्तर : अजिबात वाढवू नका. आवाज फुटतोय त्याचा. या वयात मुलांच्या स्वरतंतूंची लांबी-जाडी वाढते आणि आवाज साधारण एका सप्तकानं खाली उतरतो. मुलींचाही थोडा उतरतो, पण इतका नाही. काल काळी ४ मध्ये तुमच्याबरोबर गाणारं पोर उद्या बापाच्या पट्टीत जाणार. रियाजानं ते थांबत नाही, उलट ताणलं तर घसा बसतो.

आमच्या दादाचं हेच झालं. अप्पांनी जुन्याच पट्टीत पहाटे खर्ज (खालच्या सुरांचा रियाज) लावून घेतला, आळशीपणा करतोस म्हणून दोन धपाटेही घातले. वर्षभरानं दादानं पेटी मिटली ती मिटलीच. पुढं तो उत्तम पखवाज वाजवायला लागला, पण गाणं गेलं. अप्पांना ते शेवटपर्यंत लागून राहिलं.

तुम्ही त्याला मधल्या चार-पाच स्वरांत, हळू आवाजात, दहा-पंधरा मिनिटं गाऊ द्या. बाकी वेळ टाळ द्या, पेटी शिकवा. जत्रेत, मॅचला ओरडू नको म्हणावं (ऐकणार नाही, पण म्हणावं). घसा सलग तीन आठवडे घोगराच राहिला किंवा दुखला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आवाज थांबल्यावर पट्टी नव्यानं शोधा. आजींना माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की पोर त्यांच्या पट्टीतून गेलं म्हणजे हातातून गेलं असं नाही.

प्रश्न : आमचं निपाणीकडचं मराठी भजनी मंडळ. चिकोडी, हुक्केरी भागात गेलो की लोक एखादं कन्नड पद म्हणा म्हणतात. आमच्यातल्या एकदोघांना ते पटत नाही. काय करावं? (निपाणीहून)

उत्तर : ज्याला ज्ञानोबांनीच ‘कानडा’ म्हटलं त्याच्यापुढं गाता आणि हा प्रश्न विचारता होय! भीमसेनांनी मराठी अभंग गायले तसे दासांची, म्हणजे कर्नाटकातल्या हरिदास संतांची, कन्नड पदंही गायली. पुरंदरदासांची पदं पांडुरंगाचीच आहेत. एक पद नीट बसवा.

फक्त एक सांभाळा. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्वही असतात, दीर्घही. आपण देवनागरीत उतरवून घेतो तेव्हा सगळे एकसारखेच लिहितो आणि मग जिथंतिथं ताणत बसतो. म्हणून कागदावरून शिकू नका, शेजारच्या कन्नड माणसाला बसवून ऐकून शिका, आणि ऱ्हस्व अक्षरावर लाल टिंब द्या. मी टिंब न देता गायले होते. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी भर कार्यक्रमात हात वर करून मला थांबवलं, तो शब्द तीनदा म्हणून दाखवला, माझ्याकडून तीनदा म्हणून घेतला, आणि मग तबलजीला म्हणाल्या, ‘हां, आता वाजव.’